जुने ब्रिटिश कृष्णधवल भयपट आणि विज्ञानपट: पहिल्या सहा संध्याकाळींची तयारी

जुना ब्रिटिश भयपट लावावा, वीस मिनिटांत जांभया याव्यात आणि 'आता नाही बघवत हे' म्हणून बंद करावा, असं बऱ्याच जणांचं होतं. दोष बहुतेक वेळा चित्रपटाचा नसतो. हाती आलेली प्रत कापलेली असते, टीव्ही क्रिकेटच्या सेटिंगवर असतो, नाहीतर सुरुवातच चुकीच्या चित्रपटाने झालेली असते. तिन्ही गोष्टी घरच्या घरी सुधारता येतात. त्यासाठी पहिल्या दिवशी तासभर द्यावा लागतो, पुढे काही करावं लागत नाही.

इथे विषय आहे तो साधारण १९४५ ते १९६५ या वीस वर्षांचा. 'हॅमर' या ब्रिटिश चित्रपट कंपनीचं नाव ऐकून येणाऱ्यांचा आधीच एक गोंधळ असतो. हॅमरचे सर्वांत गाजलेले चित्रपट, म्हणजे १९५७चा फ्रँकेन्स्टाइन आणि १९५८चा ड्रॅक्युला, रंगीत आहेत. क्वाटरमास नावाच्या शास्त्रज्ञावरच्या त्यांच्या मालिकेतलाही तिसरा चित्रपट (१९६७) रंगीतच. फ्रँकेन्स्टाइन-ड्रॅक्युलात लालभडक रक्त आहे आणि मखमली पडदे आहेत. कृष्णधवल चित्रपटांची जात वेगळी: पावसाने ओला झालेला रस्ता, रेनकोट घातलेले पोलीस, मंत्रालयाशी हुज्जत घालणारा शास्त्रज्ञ, आणि या सगळ्या रोजच्या गोष्टींत हळूच शिरलेलं काहीतरी.

आधी प्रत तपासा

यातल्या बहुतेक चित्रपटांना दोन नावं आहेत. अमेरिकन वितरक ते विकत घेत, दोन चित्रपटांच्या एका खेळात बसवण्यासाठी छाटत आणि नवं नाव देत. त्यामुळे शोधताना दोन्ही नावं हाताशी हवीत. 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' (१९५५) अमेरिकेत 'द क्रीपिंग अननोन' झाला. 'नाइट ऑफ द डीमन' (१९५७) तिकडे 'कर्स ऑफ द डीमन'. 'क्वाटरमास २' (१९५७) म्हणजे 'एनिमी फ्रॉम स्पेस', 'द ट्रोलेनबर्ग टेरर' (१९५८) म्हणजे 'द क्रॉलिंग आय', 'द सिटी ऑफ द डेड' (१९६०) म्हणजे 'हॉरर हॉटेल' आणि 'नाइट ऑफ द ईगल' (१९६२) म्हणजे 'बर्न, विच, बर्न'. फुकटात मिळणाऱ्या धूसर प्रती बहुधा अमेरिकन नावाच्या असतात. पडद्यावर नामावलीत कोणतं नाव येतं ते पाहिलं की प्रत कुठली, याचा पहिला अंदाज येतो.

क्वाटरमासच्या बाबतीत स्पेलिंगही सांभाळा. 'एक्सपेरिमेंट' या शब्दातलं पहिलं 'ई' मुद्दाम गाळलेलं आहे आणि शब्द 'एक्स' या अक्षराने सुरू होतो. ब्रिटिश सेन्सॉरने १९५१मध्ये 'एक्स' प्रमाणपत्र आणलं, म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना बंदी. निर्माते सहसा हे प्रमाणपत्र टाळायला बघत. हॅमरने तेच नावात घालून जाहिरात करून घेतली. शोधताना 'ई' घातलंत तर १९५३ची बीबीसीची मूळ मालिका समोर येते. तिच्या सहापैकी फक्त पहिले दोन भाग उरले आहेत, त्यामुळे गोष्ट अर्धवट सुटते.

यानंतर मिनिटं मोजा. 'नाइट ऑफ द डीमन'ची ब्रिटिश प्रत सुमारे ९६ मिनिटांची, अमेरिकन ८२ची. कापलेल्या चौदा मिनिटांत भुतं नाहीत, माणसं आहेत. नेमकं तेच गेल्यामुळे लहान प्रत तुटक वाटते. 'डेड ऑफ नाइट' (१९४५) पाच कथांचा आणि १०३ मिनिटांचा. अमेरिकेत त्यातल्या दोन कथा काढून टाकल्या, पण शेवटच्या दुःस्वप्नात सगळ्या कथांचे धागे एकत्र येतात. छाटलेली प्रत पाहणाऱ्याला ही अनोळखी माणसं कुठून उगवली, तेच कळत नाही.

मिनिटं मोजताना एक फसगत मात्र होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) असतो. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५च्या वेगाने धावतो. म्हणून काहीही न कापता चार टक्के वेळ कमी भरतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. हिशेब सोपा आहे, मूळ मिनिटांना ०.९६ने गुणा. ९६ मिनिटांचा चित्रपट पॅल डीव्हीडीवर ९२ मिनिटांचा दिसला तर तो पूर्ण आहे. पण 'क्वाटरमास एक्सपेरिमेंट' मूळचा ८२ मिनिटांचा. पॅलवर तो पावणेएकोणऐंशी भरतो, आणि अमेरिकन कापलेली प्रतही जवळपास ७८चीच. अशा ठिकाणी मिनिटांवर विसंबू नका, नामावलीतलं नाव पाहा. ब्ल्यू-रेवर सहसा मूळ २४चाच वेग असतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

रंग भरलेल्या किंवा संगणकाने 'सुधारलेल्या' प्रती सरळ सोडून द्या. चेहरे मेणाचे होतात आणि धुक्याचं सपाट पांढरं फडकं होतं. या चित्रपटांत धुकं हेच निम्मं काम करतं.

डिस्क मागवणार असाल तर

चांगल्या प्रती ब्रिटनमध्ये निघतात: बीएफआय, इंडिकेटर, स्टुडिओकॅनल ही डिस्क काढणाऱ्यांची नावं लक्षात ठेवा. डिस्क सहसा जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालते. ब्ल्यू-रेच्या विभागांत ब्रिटन 'बी'मध्ये, भारत 'सी'मध्ये आणि अमेरिका 'ए'मध्ये येते. डीव्हीडीसाठी ब्रिटनचा आकडा २, भारताचा ५. डब्याच्या मागे ब्ल्यू-रेचं अक्षर षट्कोनात असतं, डीव्हीडीचा आकडा पृथ्वीगोलाच्या चिन्हात. फक्त 'बी' लिहिलं असेल तर पुण्यात घेतलेल्या साध्या प्लेअरवर डिस्क चालणार नाही. तिन्ही अक्षरं असतील तर निर्धास्त मागवा. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा; पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा. लंडन, बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्यांना हा खर्च बऱ्याचदा करावाच लागत नाही. 'टॉकिंग पिक्चर्स टीव्ही' ही तिथली मोफत वाहिनी जुने ब्रिटिश चित्रपटच दाखवते.

टीव्ही नीट करा

पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' यांपैकी जो असेल तो लावा. निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं हाताने करायचं.

पहिल्यांदा हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीवर ती 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' आणि एलजीवर 'ट्रूमोशन' नावाने असते. ती चालू राहिली की टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने चौकटी घालतो आणि १९५७चा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. त्याच यादीत 'नॉइज रिडक्शन' सापडेल, तेही बंद. चित्रात हलणारी बारीक रेती दिसते ती घाण नाही, तो फिल्मचा दाणा आहे. टीव्ही तो पुसायला गेला की भिंतीचा पोत आणि कातडीवरच्या सुरकुत्याही जातात.

शार्पनेसचा योग्य आकडा प्रत्येक कंपनीत वेगळा, म्हणून आकडा पाहू नका. इंग्रजी सबटायटल लावा आणि अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी होईपर्यंत कमी करत जा. कलर टेंपरेचर 'वॉर्म'कडे ठेवा, नाहीतर राखाडी रंगात ट्यूबलाइटची निळसर झाक येते. ब्राइटनेस रात्रीच्या प्रसंगावर लावावा: काळ्या कोटाच्या चुण्या दिसायला लागल्या की थांबा. बाजूच्या काळ्या पट्ट्या राखाडी झाल्या तर जास्त झालं. काही प्रतींत हिरवी किंवा जांभळी छटा येते. तेव्हा कलर शून्यावर आणला की चित्र पुन्हा शुद्ध कृष्णधवल. मात्र 'द डे द अर्थ कॉट फायर'च्या आधी कलर पूर्ववत करायला विसरू नका. कारण पुढे येतंच आहे.

पट्ट्या दिसल्या म्हणून चित्र ताणू नका. १९५३-५४पर्यंतचे चित्रपट १.३७ : १ या जवळजवळ चौकोनी आकाराचे. आजच्या टीव्हीवर ते रुंदीचा तीन चतुर्थांशाहून थोडाच जास्त भाग व्यापतात, दोन्ही बाजूंना काळं राहतं. पुढे ब्रिटनमध्ये १.६६ आणि १.७५ रुळले, ते पडदा जवळपास भरतात. सिनेमास्कोपच्या जातीचे २.३५चे असतील तर पट्ट्या वर-खाली येतात. माणसं बुटकी आणि रुंद दिसली तर आस्पेक्टमध्ये जाऊन 'ओरिजिनल' निवडा.

खोलीतले दिवे घालवा, पण टीव्हीच्या मागे एक मंद दिवा राहू द्या. डोळे थकत नाहीत आणि काळा रंग जास्त काळा वाटतो.

आवाज आणि बोली

ध्वनी एकाच पट्टीचा, म्हणजे मोनो आहे. आभासी सराउंड लावला तर संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात, म्हणून तो बंद करून 'स्टिरिओ' किंवा 'स्टँडर्ड' ठेवा. साउंडबार असेल तर संवाद उठावदार करणारी सोय चालेल.

इंग्रजी चांगलं असलं तरी सबटायटल लावा, त्यात कमीपणा नाही. शास्त्रज्ञ आणि लष्करी अधिकारी रेडिओच्या निवेदकासारखं स्वच्छ बोलतात, ते कळतं. अडचण येते ती लंडनच्या चहावालीची आणि स्कॉटिश शिपायाची. आणि पटकथाकार नेमका धागा त्यांच्याच तोंडी देतात.

स्ट्रीमिंगवर पाहत असाल तर 'पुढचा भाग आपोआप' ही सोय बंद करा. नामावली सुरू झाली की चित्र कोपऱ्यात ढकलण्याची तिची सवय असते. 'डेड ऑफ नाइट'मध्ये खरा घाव नामावलीच्या वेळीच बसतो.

आता सहा संध्याकाळी

पहिली: 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' (१९६०). ७७ मिनिटं आणि पहिल्या पाच मिनिटांतच पकड. एका खेड्यातली माणसं, गुरं, सगळी एकाच क्षणी जागच्या जागी कोसळतात. कमरेला दोर बांधून एका सैनिकाला आत पाठवतात. अमुक एका रेषेपलीकडे पाऊल पडताच तोही खाली. पुढे त्या गावात एकाच वेळी जन्मलेली, पांढुरक्या केसांची, शिस्तीची मुलं येतात. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे आरडाओरडा कुठेच नाही. सगळं चहाच्या टेबलावर, बैठकीत, हलक्या आवाजात ठरतं. चित्रीकरण हर्टफर्डशरमधल्या लेचमोर हीथ गावात झालं. जन्माष्टमीला इस्कॉनच्या भक्तिवेदान्त मॅनोरला जाणारे लंडनकर मराठी लोक याच गावाजवळून जातात, बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं.

दुसरी: 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'. अंतराळात तिघे गेले, यान परतलं तेव्हा आत एकच उरला होता, आणि तोही हळूहळू माणूस राहत नाही. ही भूमिका करणारा रिचर्ड वर्ड्‌सवर्थ जवळजवळ काहीच बोलत नाही. त्याच्या खांद्यांकडे आणि हाताकडे लक्ष ठेवा. जेम्स बर्नार्डचं संगीत फक्त तंतुवाद्यं आणि तालवाद्यांवर आहे, ते पोटात गोळा आणतं. नायक ब्रायन डोनलेव्ही अमेरिकन कसा, हा प्रश्न पडेल. अमेरिकेत विकायचं तर तिकडचा चेहरा हवा, एवढंच कारण. मूळ लेखक नायजेल नील यांना तो अजिबात आवडला नव्हता. पण वरिष्ठांना धुडकावणारा, उद्धट, थोडा अमानुष शास्त्रज्ञ म्हणून तो इथे चपखल बसतो. शेवट वेस्टमिन्स्टर ॲबीत. तिथला राक्षस लेस बोवी यांनी रबर आणि खाटकाकडची वजडी वापरून बनवला होता. हसू आलं तर हसून घ्या, पण त्याआधीच्या दृश्यांतली भीती त्याने कमी होत नाही.

तिसरी: 'नाइट ऑफ द डीमन'. इथे ९६ मिनिटांची प्रतच हवी. दिग्दर्शक जॅक टर्नर यांचा भर न दाखवण्यावर, पण निर्मात्याच्या आग्रहाने राक्षस सुरुवातीलाच स्पष्ट दिसतो. इथेच बरेच नवखे बंद करतात. दहा मिनिटं थांबा. खरा चित्रपट एका कागदाच्या चिठोऱ्याचा आहे: त्यावर प्राचीन अक्षरं आहेत, तो नकळत ज्याच्या हाती जाईल तो मरणार, आणि सुटायचं तर तो परत द्यायचा. कोणाच्या हातातून कोणाच्या खिशात काय गेलं, यावर नजर ठेवली की वादळाचा, ग्रंथालयाचा आणि शेवटचा रेल्वेचा प्रसंग श्वास रोखून पाहाल. त्यात प्राध्यापक कुमार नावाचे एक भारतीय विद्वान आहेत. अमेरिकन पाहुणा शंका घेणार आणि भारतीय माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवणार, ही वाटणी त्या काळाची. खटकेल, आणि खटकायलाच हवी.

चौथी: 'डेड ऑफ नाइट'. युद्धकाळात ब्रिटिश सेन्सॉरने भयपटांना प्रमाणपत्र देणंच बंद केलं होतं, त्यानंतर लगेचचा हा चित्रपट. ईलिंग स्टुडिओ, चार दिग्दर्शक. एक वास्तुविशारद एका घरी येतो आणि म्हणतो, ही सगळी माणसं मी स्वप्नात पाहिली आहेत. मग एकेक जण आपली गोष्ट सांगतो. मधली गोल्फची गोष्ट विनोदी आणि कमअस्सल आहे, तिथे उठून जाऊ नका. आरशाची गोष्ट आणि शेवटची शब्दभ्रमकाराची गोष्ट यांसाठीच हा चित्रपट पाहायचा. शेवट सुरुवातीला जाऊन मिळतो. हे गोल फिरणं फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञांनी पाहिलं, आणि विश्वालाही आरंभ-अंत नसेल तर, असा विचार त्यातून निघाला. १९४८च्या स्थिर-स्थिती सिद्धान्तामागची ही कथा त्यांनीच सांगितलेली. याच हॉइल यांच्याकडे पुढे केंब्रिजला जयंत नारळीकर शिकले. मराठी विज्ञानकथेच्या वाचकाने हा चित्रपट चुकवू नये, याला एवढं कारण पुरेसं आहे.

पाचवी: 'द डे द अर्थ कॉट फायर' (१९६१). अमेरिका आणि रशिया एकाच वेळी अणुचाचण्या करतात आणि पृथ्वीचा तोल ढळतो. आपल्याला हे कळतं वृत्तपत्राच्या कचेरीतून: फोन, टंकलेखन यंत्रं, अर्धवट बातम्या, एकमेकांना तोडत बोलणारी माणसं. संपादकाच्या भूमिकेत आर्थर ख्रिस्तियनसेन आहेत, ते खरोखरच 'डेली एक्सप्रेस'चे माजी संपादक. अभिनय ताठर आहे, पण खुर्चीत बसण्याची ढब खरी. सुरुवात आणि शेवट नारिंगी छटेत आहेत, मधला चित्रपट कृष्णधवल. कलर शून्यावर राहिला असेल तर उन्हाने भाजलेलं ते ओसाड लंडन नुसतं राखाडी दिसेल. संवाद फार जलद आहेत, सबटायटल इथे सक्तीचे समजा.

सहावी: 'द इनोसंट्स' (१९६१). या सहांतला सर्वांत चांगला हाच, आणि म्हणूनच तो पहिल्या दिवशी नको. डोळ्यांना हळू चालीची सवय झाल्यावर तो उघडतो. लावल्यावर पडदा काळाच राहील आणि एका मुलीचं गाणं ऐकू येईल. डिस्क बिघडलेली नाही, कंपनीचं बोधचिन्ह गाण्यानंतर येतं. दिग्दर्शक जॅक क्लेटन यांना रुंद पडदा नको होता, पण कंपनीची अट होती. मग छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी हाताने रंगवलेल्या फिल्टरांनी चौकटीच्या कडा अंधाऱ्या केल्या. त्यामुळे मधे मेणबत्ती आणि भोवती काय आहे ते कळत नाही, अशी अवस्था होते. नजर मध्यावर खिळवू नका, खिडक्या आणि तळ्याचा पलीकडचा काठ पाहत राहा. एक दृश्य विरून दुसरं येताना बराच वेळ दोन्ही एकमेकांवर राहतात, त्या वेळीही पाहायला काहीतरी ठेवलेलं असतं. मुलगा ओळखीचा वाटेल. मार्टिन स्टीफन्स, पहिल्या संध्याकाळच्या मुलांचा म्होरक्या.

कुठे अडतं

'इफेक्ट्स' पाहून हिरमोड होतो, ही सर्वांत सामान्य तक्रार. 'ट्रोलेनबर्ग टेरर'मधला ढग म्हणजे डोंगराच्या छायाचित्रावर लावलेला कापूस, हे दिसतंच. तोड अशी: राक्षसापेक्षा त्याला पाहणाऱ्याचा चेहरा पाहा, आणि राक्षस येण्याआधीच्या दहा मिनिटांत काय पेरलं आहे ते मोजा. बायकांना कॉफी करायला पाठवणारे प्रसंगही सतत येतील, त्यावर उपाय नाही. त्यातल्या त्यात 'नाइट ऑफ द ईगल' हा वेगळा निघतो. तिथे बायकोचं सगळं 'खूळ' नवरा जाळून टाकतो आणि मग त्याला कळतं की घर त्यावरच उभं होतं.

दोन चित्रपट एकापाठोपाठ नकोत. सगळे आखूड आहेत म्हणून मोह होतो, पण दुसऱ्याचं धुकं पहिल्यासारखंच वाटायला लागतं. मोबाईलवर तर नकोच. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली आकृती सहा इंचांत दिसत नाही, आणि मग 'यात काही घडतच नाही' असं वाटतं.

सहा झाल्यावर चव लागली असेल तर पुढे 'क्वाटरमास २' घ्या, त्यातला परग्रहवासीयांचा कारखाना म्हणजे एसेक्समधला खरा तेलशुद्धीकरण कारखाना. 'द सिटी ऑफ द डेड' धुक्यासाठी, तोही ब्रिटिश नावाच्या प्रतीत. हॅमरचाच 'द डॅम्ड' घेताना पुन्हा मिनिटं पाहा: तो ९६, ८७ आणि ७७ अशा तीन लांब्यांत फिरतो, तुम्हाला ९६चा हवा. आणि 'द हाँटिंग' (१९६३). दिग्दर्शक रॉबर्ट वाइज अमेरिकन, पण काम सगळं इंग्लंडमधलं. त्यात भूत एकदाही दिसत नाही, भिंतीपलीकडून फक्त ठोके येतात. ते ऐकू यावेत एवढा आवाज ठेवला तर शेजारी बेल वाजवतील. रात्री दहानंतर पाहणार असाल तर हेडफोन लावा.